पुढचं चाक आधी: हेलसिंकीच्या बर्फावर खिळ्यांच्या टायरचं एक प्रकरण

हेलसिंकीचं केस्कुस्पुइस्तो, म्हणजे मध्यवर्ती उद्यान, हे नावालाच उद्यान आहे. त्योओलो खाडीपासून वांता नदीपर्यंत शहराच्या पोटातून साधारण दहा किलोमीटर लांब गेलेलं ते जंगल आहे. खडीचे रुंद रस्ते, स्प्रूसच्या मुळांनी विणलेल्या पायवाटा, मधूनमधून ग्रॅनाइटचे उघडे कातळ. उन्हाळ्यात इथे माउंटन बाइक चालवणं सोपं असतं. हिवाळ्यातही वजा दहाला, कोरड्या भुसभुशीत बर्फावर फारसा त्रास होत नाही. गोची होते ती पारा शून्याच्या आसपास घुटमळायला लागला की. दक्षिण फिनलंडच्या हिवाळ्यात हे वारंवार होतं: चार दिवस थंडी, एक दिवस भुरभुर पाऊस, रात्री पुन्हा गोठण. अशा निसरड्या दिवसासाठी फिनिश बोलीत ‘पॅकल्लोकेली’ असा शब्द आहे. शब्दशः अर्थ कवटीचं हवामान. पायी चालणाऱ्यांसाठी तिथलं हवामान खातं निसरड्याचा वेगळा इशारा देतं, यावरून काय ते समजावं.

या प्रकरणातला सायकलस्वार कल्पित आहे. वाटा, हवामान आणि त्याच्या हातून झालेल्या चुका मात्र नेहमीच्या आहेत. तो पुण्याहून हेलसिंकीला नोकरीसाठी आलेला. वजन ७८ किलो. २९ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) सायकल १३ किलोची, जाडजूड कपडे आणि पाठपिशवी मिळून आणखी ४ किलो. म्हणजे चाकांवर ९५ किलो. सीटवर बसल्यावर त्यातले अंदाजे ३८ पुढच्या चाकावर, ५७ मागच्या. फेरी १४ किलोमीटरची: ३ किलोमीटर सायकलमार्ग, बाकी खडीचा रस्ता आणि पायवाटा.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्याने खिळ्यांचा, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून धातूचे बारीक खिळे बसवलेला, एकच टायर घेतला आणि तो मागच्या चाकाला चढवला. त्याचं गणित सरळ होतं: जोर मागच्या चाकातून लागतो, चढावर तेच गरगर फिरतं, म्हणून खिळे तिथे. सह्याद्रीतल्या चिखलात हे गणित बऱ्यापैकी चालूनही जातं. पुढे २.४ इंची साधा, मोठ्या नॉबचा (रबराच्या उंचवट्यांचा) टायर तसाच ठेवला. आठवडाभर वजा ८ होतं, काही बिघडलं नाही. मग एक दिवस अधिक १, रिमझिम. रात्री वजा ४. सकाळी निघाला आणि पाचव्या किलोमीटरला, उताराला आडव्या जाणाऱ्या पायवाटेवर, पुढचं चाक खालच्या अंगाला सटकलं. कोपर आणि मांडी शेकली.

जागा पाहिली की कारण दिसतं. वरच्या कातळातून झिरपणारं पाणी वाटेवर येऊन थरावर थर गोठत जातं आणि तिथे बर्फाचा गुळगुळीत फुगवटा तयार होतो. फिनिशमध्ये त्याला ‘पान्ने’ म्हणतात. जानेवारीत स्पितीला गेलेल्यांनी हे पाहिलं असेल: नाल्याचं पाणी रस्त्यावर पसरून गोठलेलं असतं. त्यावर रिमझिमीच्या पाण्याचा पातळ थर असला की रबराची पकड कोरड्या डांबरावरच्या पकडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. नॉब कितीही मोठे असोत, त्यांना रुतायला काही मिळत नाही. चिखल दबतो, बाजूला सरतो, नॉब आत जातो. बर्फ दबत नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर बुटाचा तळवा कितीही खोबणीचा असला तरी जे होतं, तेच इथे.

आता पुढचं की मागचं, हा प्रश्न. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपटी हलवते. हँडल घसरण्याच्या दिशेला थोडं वळवून, पाय टेकून बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं घसरलं की तोल सांभाळायचं साधनच हातातून जातं, कारण दोन चाकी वाहनाचा तोल पुढच्या चाकाच्या बारीक बारीक वळण्यावर टिकून असतो. सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. त्यात ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं; थांबवायचं काम आणि वळवायचं काम दोन्ही त्याच चाकावर येतं. म्हणून एकच टायर परवडत असेल तर तो पुढे. मागचं चाक चढावर फिरेल, उतरून ढकलावं लागेल, पण हाड शाबूत राहील. खरं तर जोडीच घ्यावी.

त्याने तसंच केलं. दुसरा टायर घेतला, दुकानातून चढवूनच आणला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर गेला. सरळ जाताना पकड स्पष्ट जाणवली. पण वळणावर सायकल जराशी कलली की पुढचं चाक पुन्हा चुळबुळ करायला लागलं. इथे बहुतेक लोक ‘खिळ्यांचा काही उपयोग नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतात.

त्याच्या दोन्ही टायरमध्ये ३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा होती. दुकानात, एकवीस अंशांच्या उबेत भरलेली.

खिळ्याची रचना आधी पाहू. प्रत्येक खिळ्याला स्टीलचं किंवा अॅल्युमिनियमचं बुड असतं, त्याच्या तळाला रुंद कड, आणि मध्ये टंगस्टन कार्बाइडची बारीक पिन. रबराच्या बाहेर जेमतेम एक मिलिमीटर डोकावते ती ही पिन. कार्बाइड हवंच, निव्वळ स्टीलचे खिळे डांबरावर लवकर बोथट होतात. टायरवरचा आकडा मोठा दिसतो. श्वाल्बे कंपनीच्या आइस स्पायकर प्रोच्या २९ x २.२५ मापात ४०२ खिळे आहेत. फिनलंडच्या हाक्कापेलीत्ता मालिकेतल्या डब्ल्यू १०६ आणि डब्ल्यू २४० या टायरांच्या नावातच खिळ्यांची संख्या आहे. अमेरिकी ४५नॉर्थच्या डिलिंजर ५ या फॅट, म्हणजे खूप रुंद, टायरमध्ये २५८. पण चाकाचा परीघ सव्वादोन मीटरहून थोडा जास्त. ४०२ भागिले २२९ म्हणजे परिघाच्या एका सेंटिमीटरला पावणेदोन खिळे, तेही सगळ्या रांगा मिळून. टायर जमिनीला टेकतो तो पट्टा सहा ते आठ सेंटिमीटर लांब. म्हणजे कोणत्याही क्षणी बर्फाशी गाठ असते ती फार तर दहा ते चौदा खिळ्यांची, आणि कडेच्या रांगा अधांतरी असतील तर पाच-सहांचीच. चारशे हा आकडा खोक्यावर छापायला बरा. चालवणाऱ्याच्या कामाचा आकडा हा दुसरा.

तो दुसरा आकडा हवेवर ठरतो. टायरच्या भिंतीचा ताठपणा सोडून दिला तर जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ म्हणजे वजन भागिले दाब. पुढच्या चाकावर ३८ किलो आणि ३८ पीएसआय धरले तर सुमारे १४ चौरस सेंटिमीटर. तोच दाब २२ वर आणला की साडेचोवीस. क्षेत्रफळ पाऊणपट वाढलं, आणि वाढ रुंदीतही झाली, त्यामुळे कडेच्या रांगा जरा कलल्याबरोबर कामाला येतात. ३८ वर टायर गोल, टणक राहतो. कलताना मधल्या रांगा सुटतात आणि कडेच्या टेकायच्या आत एक असा कोन येतो की खाली नुसतं रबर असतं. त्याचं चाक नेमकं तिथे चुळबुळत होतं.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. जाडसर पुठ्ठा सपाट फरशीवर ठेवायचा, पुढचं चाक त्यावर आणायचं, दुसऱ्या कुणाला तरी सीट धरायला लावून पूर्ण कपड्यांनिशी सायकलवर बसायचं. उतरून पुठ्ठ्यावरची भोकं मोजायची. मग सायकल पंधरा-वीस अंश कलवून पुन्हा. कललेल्या स्थितीत कडेच्या रांगेची भोकं उमटत नसतील तर दोन पीएसआय काढायची आणि पुन्हा बसायचं. (फरशी भाड्याच्या घराची असेल तर पुठ्ठा दुहेरी घ्या. हे खिळे लाकडी जमिनीवर कायमची रांगोळी काढतात.) शंभराच्या आसपास खिळे असलेले टायर सहसा दोनच रांगांचे असतात, ते शहरातल्या सरळ, साफ केलेल्या मार्गासाठी ठीक, पायवाटेच्या वळणांसाठी नाहीत. तिथे चार रांगा हव्यात.

या स्वाराच्या वजनाला आणि सव्वादोन इंची टायरला पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पीएसआय जमलं. दुसऱ्याने हे आकडे तसेच उचलू नयेत. रिमची रुंदी, ट्यूब आहे की ट्यूबलेस, यावर दोन-तीन पीएसआयचा फरक पडतो, आणि टायरच्या भिंतीवर छापलेल्या किमान दाबाखाली जायचं नाही.

दाब कुठे मोजायचा, हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. हवा थंड झाली की आकुंचन पावते, आणि गेजवर दिसतो तो वातावरणाच्या वरचा दाब. त्यामुळे कमी दाबाच्या टायरला थंडीचा फटका प्रमाणाने जास्त बसतो. घरात २१ अंशांना २२ पीएसआय भरून बाहेर अधिक १ ला नेलं तर साडेएकोणीस उरतात, वजा १५ ला साडेसतरा. साडेसतरावर ग्रॅनाइटच्या कडेवर रिम आपटते आणि ट्यूब असेल तर तिला सापाच्या दाताची दोन भोकं पडतात. फॅट बाइकवाल्यांचं तर विचारूच नका: घरातले ६ पीएसआय वजा १५ ला साडेतीनवर येतात आणि टायर रिमवर लोळायला लागतो. उपाय एकच. सायकल अर्धा तास बाहेर थंड होऊ द्यायची, मग मोजायचं, मग भरायचं. मोठ्या पंपावरचं १६० पीएसआयपर्यंतचं काट्याचं गेज इथे बिनकामाचं. ३०-४० पर्यंत मोजणारं वेगळं गेज घ्यावं.

दाब ठीक झाल्यावर वळणावरची चुळबुळ थांबली. पण पंधरवड्यात नवी तक्रार: पुढच्या टायरमधले चौदा खिळे गायब. मागचा, जो आधी घेतलेला, त्यातले फक्त दोन.

दोन्ही टायर एकाच प्रकारचे, मग फरक कशाचा? मागचा टायर डिसेंबरच्या सुरुवातीला घेतला तेव्हा रोजचं ऑफिसला जाणं सायकलमार्गावरून होतं. हेलसिंकीत काही मुख्य सायकलमार्ग झाडूच्या यंत्राने साफ करून मिठाचं पाणी मारतात, त्यामुळे तिथे हिवाळ्यातही उघडं डांबर असतं. त्या टायरचे पहिले पन्नास किलोमीटर आपसूक डांबरावर गेले. पुढचा टायर मात्र दुकानातून निघाला तो दुसऱ्याच दिवशी कातळावर. नव्या टायरमध्ये खिळा खोबणीत सैलसर बसलेला असतो. डांबरावर संथपणे फिरवलं की वजनाने त्याची तळाची कड खाली बसते आणि रबर तिच्याभोवती आवळतं. म्हणून उत्पादक ४० ते ५० किलोमीटर डांबरावर, जोरात ब्रेक न लावता, झटके देऊन पेडल न मारता चालवायला सांगतात. हे न करता ग्रॅनाइटच्या कडेवर ब्रेक दाबला की खिळा आडवा होतो आणि खोबणीतून सुटतो. कमी दाबात रबर जास्त वाकतं, म्हणून सुटणं आणखी सोपं. म्हणजे त्याने दाब कमी केला ते बरोबरच, पण न रुळलेल्या टायरवर केला. बरोबर क्रम उलटा: रुळवताना हवा थोडी जास्त, तीसच्या वर, रुळल्यावर खाली.

गेलेले खिळे परत बसवता येतात. सुटे खिळे आणि ते दाबायचं हत्यार (स्क्रूड्रायव्हरसारखी मूठ, टोकाला खिळा धरणारी खोबण) कंपन्या विकतात. आपल्या टायरच्या कंपनीचेच खिळे घ्यायचे, कारण बुडाचं माप वेगवेगळं असतं. टायर रिमवर, फुगवलेला. खोबणीतली वाळू टाचणीने काढायची. ही पायरी लोक खातात आणि मग खिळा तिरका बसतो. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचा एक थेंब खोबणीत सोडायचा. तेल किंवा ग्रीस अजिबात नाही, ते वाळत नाही आणि खिळा पुन्हा घसरून निघतो. हत्यार सरळ उभं धरून, किंचित फिरवत, अंगाचा भार देऊन दाबायचं. कड आत गेल्याचा ‘गप्’ असा हलका धक्का हाताला जाणवतो. बाहेर फक्त पिन दिसली पाहिजे. बुडाचा खांदा रबराच्या बरोबरीला. खांदा वर राहिला असेल तर तो खिळा पहिल्याच कातळावर जाणार. एखादी खोबणच फाटली असेल तर तिथे नवा खिळा घालत बसू नये, ती रिकामी सोडावी. चौदा खिळ्यांना वीसेक मिनिटं लागतात, आणि त्यानंतर ते खिळे पुन्हा डांबरावर रुळवायचे.

घरच्या घरी स्क्रू घालून टायर बनवायचा उद्योगही पुष्कळ जण करतात. जुन्या टायरच्या नॉबमधून बाहेरून भोक पाडायचं, आतून पत्र्याचे छोटे स्क्रू बाहेर काढायचे, डोक्यांवर कापडी टेपचे दोन-तीन थर आणि कापलेली जुनी ट्यूब अंथरायची. दीड-दोनशे स्क्रू, एक पूर्ण संध्याकाळ. गोठलेल्या तळ्यावर भटकायला तो टायर भन्नाट चालतो. पण ३ किलोमीटर डांबर रोज असेल तर स्टीलची टोकं भराभर झिजतात, आणि टेप सरकला की स्क्रूचं डोकं ट्यूब खातं. या स्वाराच्या फेरीसाठी तो पर्याय बाद.

जानेवारीत एक पंक्चर झालं, तेही जंगलात नव्हे, सायकलमार्गावर. निसरडं कमी करायला पालिका फुटपाथ आणि मार्गांवर फोडलेली खडी टाकते. ‘सेपेली’ म्हणतात तिला. खडे छोटे पण कडा पात्यासारख्या, आणि बर्फ वितळला की सगळे उघड्यावर. खिळ्यांचा पंक्चरशी काही संबंध नाही. खिळे बाहेर तोंड करून असतात. ट्यूबलेस केलं तर असली भोकं सीलंट (टायरच्या आत ओतलेला चिकट द्रव) बुजवतं, फक्त बाटलीवर लिहिलेली तापमानाची मर्यादा वाचून घ्यावी, आणि वजा वीसला बाहेर झोपणाऱ्या सायकलमध्ये ते पातळ राहिलंय का हे चाक हलवून ऐकावं. ट्यूबच ठेवायची असेल तर एक गोष्ट पाठ करा: खिळ्यांचा टायर रिमवरून काढताना हातमोजे जाड हवेत. उघड्या तळहाताने पकडून ढकललं की हातावर चाळणी.

आता खिळे कुठे उपयोगी नाहीत, तेही. ताज्या, वीत-दीड वीत भुसभुशीत बर्फात पिन पोकळीतच फिरते; तिथे रुंदी लागते, चार इंची टायर आणि अगदी कमी हवा. पायी गेलेल्यांच्या पावलांचे साचे गोठून दगड झालेले असतात, त्यावर खिळा पकडतो पण चाक खड्ड्याखड्ड्यांतून उड्या मारतं, आणि हवेत उडालेलं चाक काही पकडत नाही. वेग कमी करणं हाच इलाज. फार थंडीत, वजा वीसच्या खाली, बर्फ इतका टणक होतो की पिन कमी रुतते. गंमत अशी की त्या थंडीत बर्फावरचा पाण्याचा थरही नसतो, त्यामुळे रबर स्वतःच बरं पकडतं. म्हणून सगळ्यात वाईट दिवस वजा वीसचा नसून अधिक एकचा असतो. नवख्या माणसाला हे पटत नाही.

चालवायची पद्धतही थोडी बदलावी लागली. घाटातल्या सवयीने तो चढावर पेडलवर उभा राहायचा. उभं राहिलं की वजन पुढे जातं, मागचे खिळे हलके होतात आणि चाक फिरतं. बसून, हलक्या गियरमध्ये, गोल पेडल. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत, दोन्ही. वळणात बोटं सैल. सायकल उभी ठेवून वळायचं, झुकवून नाही. पान्नेवर शक्यतो वळूच नये: पुढे मोकळी जागा बघून सरळ पार करायचं, पेडल चालू ठेवून, ब्रेकला हात न लावता.

पालोहेइने भागात स्कीसाठी आखलेल्या पट्ट्या असतात, यंत्राने कोरलेल्या दोन समांतर खोबणी. त्यांना ‘लातु’ म्हणतात. फिनलंडमध्ये जंगलात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, पण हिवाळ्यात राखलेल्या लातुवर चाक घालणं म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटच्या पिचवर बैलगाडी. खिळ्यांच्या चाकाने तर ती खोबण कुरतडलीच जाते. आडवं ओलांडायचं असेल तर सायकल उचलून.

खिळ्यांशी संबंध नसलेली एक तक्रार त्याने टायरवरच ढकलली होती: वजा १८ ला पेडल फिरायचं, चाक नाही. त्याला वाटलं मागचा टायर घसरतोय. पण चाकाकडे बघितलं तर ते जागचं हललेलंच नव्हतं. फ्रीहबमधलं (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा मागच्या चाकाच्या मध्यातला भाग) ग्रीस थंडीने घट्ट झालं की आतली दाती खाचेत उडी मारत नाहीत. हब उघडून जाड ग्रीस पुसलं, थंडीसाठीचं पातळ वंगण थोडंसंच लावलं, आणि काम झालं. सायकल रोज उबदार घरात आणून पुन्हा गारठ्यात नेणंही थांबवलं. आत आल्यावर धातूला घाम फुटतो, ते पाणी हबमध्ये आणि केबलच्या नळीत शिरतं, बाहेर गेल्यावर गोठतं. इमारतीच्या थंड सायकलखोलीत ठेवणं बरं.

मार्चअखेर टायर उतरवताना त्याने तीन गोष्टी टायरच्या भिंतीवर खडूने लिहिल्या: ‘पुढे’ किंवा ‘मागे’, फिरण्याच्या दिशेचा बाण, आणि गेलेल्या खिळ्यांची संख्या. बाण महत्त्वाचा, कारण एका दिशेने झिजून बसलेले खिळे पुढच्या हंगामात उलट फिरवले की सैल होतात. मग खोबणींतला चिखल आणि मीठ साध्या पाण्याने धुऊन, वाळवून, अंधाऱ्या थंड कोपऱ्यात एकमेकांत न अडकवता टांगले. खिळे एकमेकांच्या भिंतींना लागू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा.